इडवलचा ड्रम एकटा वाजला

इडवल प्रॉसरला माहितीपटांचं वेड होतं, पण सगळ्याच माहितीपटांचं नव्हे. हत्ती, महायुद्धं, समुद्राचा तळ असलं काही लागलं की तो खुर्चीतच घोरू लागे. त्याला हवे असत ते एकाच जातीचे. जुना, गाजलेला एखादा रॉक अल्बम घ्यायचा आणि तो कसा घडला ते पहिल्यापासून सांगायचं.

या माहितीपटांची एक ठरलेली रीत असते. आता पांढऱ्या केसांचे झालेले वादक एकेकटे खुर्चीत बसून बोलतात. एकत्र बसवले तर भांडतील, म्हणून एकेकटे. मग ज्यानं ते गाणं ध्वनिमुद्रित केलं तो म्हातारा येतो. त्याच्यापुढच्या मोठ्या टेबलावर खालीवर सरकणारे खटके असतात, प्रत्येक वाद्याचा एक. तो डोळे मिचकावत म्हणतो, "आता हे ऐका," आणि एक सोडून बाकी सगळे खटके खाली ओढतो. चाळीस वर्षं आपण ऐकत आलेलं गाणं क्षणात नाहीसं होतं आणि एकटी गिटार उरते, नाहीतर एकटा गळा. गायकानं श्वास कुठं घेतला, खुर्ची कुठं कुरकुरली, सगळं ऐकू येतं.

इडवलला तो क्षण एवढा आवडे की त्यानं तो थेट शाळेत नेला होता. वेल्समधल्या त्या गावच्या प्राथमिक शाळेत तो पस्तीस वर्षं संगीत शिकवत होता. निवृत्तीनंतरही मंगळवारी नि गुरुवारी जायचाच. वर्ग गात असला की तो हवेतले खटके ओढल्यासारखे हात करी. एक हात खाली आला की खिडकीकडची रांग गप्प, दुसरा आला की दाराकडची गप्प. शेवटी एकच मूल गात राही आणि बाकीची ऐकत.

"एकटं ऐकलं की कोण काय करतंय ते नीट कळतं," तो म्हणे. "चुकलं तरी कळतं. घाबरायचं काय त्यात?"

आणि दुसरं एक वाक्य, जे गावातल्या दोन पिढ्यांना पाठ होतं: "धावू नका!" मुलं गाताना धावतातच. ओळखीची ओळ आली की लय वाढते. म्हणून पियानोवर एकसारखी लय देणारा लाकडी मेट्रोनोम कायम टिकटिकत असे. पहिल्या दिवसापासून इडवलनं तो बंद केलेला कुणी पाहिला नव्हता.

तर अशा माणसाला एप्रिलमध्ये एक पत्र आलं आणि त्याची झोप उडाली.

चाळीस वर्षांपूर्वी इडवल 'द लाँग शिफ्ट' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. खाणीच्या गावातली चार पोरं होती ती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी 'कुंपणापलीकडे' हा अल्बम केला. त्यातलं आठ मिनिटांचं गाणं, 'शेवटची बस', अजून जगभर वाजतं. गाणं संथ सुरू होतं. पण अखेरच्या तीन मिनिटांत लय अशी वाढत जाते की ऐकणाऱ्याला धाप लागावी. बस सुटतेय आणि आपण मागे धावतोय! समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली.

पण इडवलच्या लेखी ती त्याच्या नालायकीची नोंद होती. ड्रमरचं काम एकच, लय धरून ठेवायची, आणि तो धावला होता. आपण धावलो हे त्याला वाजवताना कळलंही नव्हतं, हे त्याहून वाईट. टेप परत लावल्यावर गिटारवाला क्लाइव्ह ट्रँटर भडकला होता. "अरे, तुला कुत्रं लागलं होतं का मागे?" पुढं अल्बम गाजला. मैफलींत लोक शेवटच्या धावेची वाट बघू लागले आणि नेमका तिथं इडवल ठाम लयीत वाजवत राहिला. "नको तिथं धावतोस आणि हवं तिथं धावत नाहीस," क्लाइव्ह म्हणाला. "तुझ्या हातांचा भरवसा नाही." नाताळच्या आधी बँडमध्ये नवा ड्रमर आला. इडवल शिक्षकी शिकायला गेला आणि पुन्हा कधी रंगमंचावर बसला नाही.

आता त्या अल्बमवर माहितीपट निघत होता. फिलिपा नॅश नावाच्या दिग्दर्शिकेनं लिहिलं होतं: आपण याल ना? मूळ टेप सापडली आहे. आम्हाला आपला ड्रम एकटा ऐकायचा आहे.

एकटा. म्हणजे बाकी सगळे खटके खाली, आणि इडवल प्रॉसर लाखो लोकांसमोर उघडा.

त्यानं तीन आठवडे उत्तर दिलं नाही. पण गाव लहान होतं. पोस्टातून बातमी फुटली आणि गुरुवारी वर्गात माब्लीनं, नऊ वर्षांच्या एका चुणचुणीत मुलीनं, हात वर केला.

"सर, तुम्ही टीव्हीवर जाणार म्हणे."

"अजून ठरलं नाही."

"का? तुम्हाला एकट्याला वाजवायला लावणार म्हणून?"

"तुला कुणी सांगितलं हे?"

"आजीनं. तिला पोस्टवाल्यानं." माब्लीनं मान तिरकी केली. "पण सर, तुम्हीच म्हणता ना, घाबरायचं काय त्यात?"

वर्ग फिदीफिदी हसला. इडवलही हसला, पण त्या संध्याकाळी त्यानं पत्राला उत्तर लिहिलं.

*

प्रॉबर्टांचं शेत टेकडीच्या पोटाशी होतं. त्याच शेतातल्या गवताच्या कोठारात तेव्हा स्टुडिओ थाटलेला होता. कधीच बंद पडला होता तो. आता तिथं जुनी अवजारं नि मेंढ्यांचं खाद्य होतं. फिलिपाच्या माणसांनी एक कोपरा झाडून काढला आणि खटक्यांचं जुनं टेबल परत मांडलं होतं. टेबलाशी डेस्मंड हेल बसला होता. त्र्याहत्तर साली तो बावीस वर्षांचा होता आणि हा त्यानं ध्वनिमुद्रित केलेला पहिला अल्बम होता. आता डोक्याला टक्कल नि कानात ऐकायचं यंत्र.

"ये रे ड्रमवाल्या," डेस्मंड म्हणाला. "म्हातारा झालास की!"

"आणि तू? कानात यंत्र घालून लोकांची गाणी ऐकतोस. ऐकू येतंय का, की नुसता मान डोलावतोस?"

"तुझं येतं. तू नेहमीच फार जोरात वाजवायचास."

दोघांनी मिठी मारली. शेताची मालकीण प्रॉबर्टबाई चहा आणि तव्यावर भाजलेले मनुकांचे केक घेऊन आली. पंचाहत्तरीची, पण पाठ अजून ताठ. तिनं टेबलाजवळच्या पेटीतल्या टेपच्या रिळाकडे संशयानं पाहिलं.

"ही म्हणे तुम्ही भट्टीत भाजलीत?"

"हो बाई," डेस्मंड म्हणाला. "जुन्या टेपवरचा लेप दमट होऊन चिकट होतो. यंत्रावर लावली तर सोलून निघेल. म्हणून मंद आचेवर आठ तास ठेवायची. कोरडी झाली की मग वाजते."

"आठ तास! तेवढ्यात मी गावजेवणाचा पाव भाजला असता."

"पाव चाळीस वर्षं टिकला नसता, बाई."

"तुझं गाणंही कोरडंच झालेलं असणार बघ," बाई म्हणाली आणि दाराशी स्टूल ओढून बसली. जायचं नाव नाही.

फिलिपा तिशीतली होती, बोलायला गोड. तिनं इडवलला खुर्चीत बसवलं, दिवे लावले आणि कॅमेरा सुरू केला. आधी सोपे प्रश्न आले. बँड कसा जमला? रॉयस्टन कसा होता? रॉयस्टन बेडो बँडचा गायक. दहा वर्षांपूर्वी वारला. 'शेवटची बस'च्या अखेरीला त्याचा आवाज फाटतो. त्या फाटण्यावर लोक जीव टाकतात.

"ते गाताना तो फार चिडला होता," इडवल म्हणाला. "आम्ही तिघांनी दुपारी वाजवलं. तो दुसऱ्या दिवशी त्यावर गायला. म्हणत होता, काल याच ओळी आरामात गात होतो, आज गळ्याला फास का लागतोय? आम्ही म्हटलं, सिगारेटी कमी ओढ."

"आणि पियानो? शेवटी पियानो एकदम थांबतो. फार धाडसी कल्पना आहे असं लिहितात."

डेस्मंड खुदकन हसला. "धाडस कसलं! पियानोसुद्धा नंतर वाजवला होता आणि शेवटाला बेसूर लागत होता. पियानो जुळवणाऱ्या गिटिन्सला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, पियानो ठीक आहे, तुमचे कान जुळवून घ्या. शेवटी कंटाळून पियानोच काढून टाकला."

मग फिलिपानं आवाज जरा खाली आणला. "आणि ती धाव, इडवल? क्लाइव्ह म्हणाले की—"

"काय म्हणाला असेल ते मला माहीत आहे."

"ते म्हणाले, इडवलचे हात वाऱ्यासारखे होते. त्या दिवशी वारा योग्य दिशेनं वाहिला."

इडवलनं केकचा तुकडा बशीत ठेवला. चाळीस वर्षं झाली तरी वाक्य टोचलं. वर तर ते स्तुती म्हणून बोललं गेलं होतं.

"मी धावलो," तो म्हणाला. "ड्रमरनं धावायचं नसतं. लोकांना आवडलं ते लोकांचं प्रेम. पण चूक ती चूकच. लावा टेप."

डेस्मंडनं टेप लावली. कोठारात गाणं भरलं. रॉयस्टनचा आवाज आला तसे प्रॉबर्टबाईनं डोळे मिटले. मग डेस्मंडनं एकेक खटका खाली ओढला. गळा गेला, गिटार गेली, पियानो गेला, खर्जातला बास गेला. ड्रम एकटा उरला.

इडवल ऐकत होता. पहिली मिनिटं ठीक होती. नव्हे, चांगलीच होती. हा तेवीस वर्षांचा पोरगा बरा वाजवतोय की, त्याला वाटलं. पाचव्या मिनिटानंतर ती लय चढू लागली. हळूहळू, पण चढलीच. इडवलनं मान खाली घातली.

आणि मान खाली होती म्हणूनच बहुधा, त्यानं लय सोडली आणि नुसता ड्रमचा आवाज ऐकला. मुलांना तो हेच सांगायचा: वेग ऐकू नका, आवाज ऐका.

"डेस्मंड, थांबव. सुरुवात लाव."

टेप मागे गेली. ठाक, ठाक, ठाक.

"आता शेवट लाव."

ठाक-ठाक-ठाक.

"परत सुरुवात."

"काय झालं?" फिलिपानं विचारलं.

"तो छोटा ड्रम ऐका," इडवल म्हणाला. तो खुर्चीतून उठला होता. "त्याचं कातडं मी रोज सकाळी स्वतः ताणून लावायचो, एकाच सुरात. सुरुवातीला तो ठाक बोलतो. शेवटी तोच ड्रम बारीक आवाजात बोलतोय. सूर चढलाय त्याचा!"

"तू जोरात मारत असशील," डेस्मंड म्हणाला.

"जोरात मारलं तर मोठा वाजेल. भरभर मारलं तर जास्त वेळा वाजेल. पण अर्ध्या सुरानं वर कसा जाईल? तुम्ही दारावर हळू थाप मारा नाहीतर धडाधड मारा, दाराचा आवाज बदलतो का?"

फिलिपानं हळूच सहकाऱ्याला खूण केली. कॅमेरा चालूच होता.

"गिटार लाव एकटी," इडवल म्हणाला. गिटार लागली. शेवटाला तीही तेवढीच चढली होती. मग बास. तोही.

"तिघंही एकाच मापानं चढले," डेस्मंड पुटपुटला. त्याचा हात खटक्यावरच राहिला. "म्हणजे वाजवणारे चढले नाहीत. टेप..."

"मला नीट सांगाल का?" फिलिपा म्हणाली. "बघणाऱ्यांनाही कळलं पाहिजे."

इडवलनं इकडंतिकडं पाहिलं. मेंढ्यांच्या खाद्याच्या गोणीवर एक लांब कागद होता. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि पेन्सिल घेतली. आता तो वर्गात होता.

"डेस्मंड, हा कागद माझ्या हाताखालून ओढ. एका वेगानं. मी पेन्सिलीनं रेघा मारतो, माझी लय सोडणार नाही." कागद सरकला आणि त्यावर सारख्या अंतराच्या रेघा उमटल्या. "आता ओढायचा वेग कमी कर. आणखी कमी. माझा हात तेवढ्याच लयीत आहे, बघा. काय झालं?"

"रेघा जवळजवळ आल्या," फिलिपा म्हणाली.

"आता हाच कागद पहिल्याच वेगानं डोळ्यांपुढून नेला तर? सुरुवातीच्या रेघा सावकाश जातील आणि शेवटच्या भराभर. बघणारा म्हणेल, हा लिहिणारा धावला! पण लिहिणारा धावला नाही. कागद रेंगाळला. वेग वाढला की सूरही चढतो. रेकॉर्ड जोरात फिरवली की माणूस चिमणीसारखा बोलतो, तसं. आमचं वाजवणं टेपवर उतरत होतं तेव्हा टेप मंद होत गेली होती."

डेस्मंडनं दोन्ही हातांनी टक्कल धरलं. "म्हणूनच पियानो! तो जुळलेलाच होता, टेप चढली होती. बिचारा गिटिन्स! आणि रॉयस्टन अर्धा सूर वर गात होता आणि आपण त्याच्या सिगारेटी काढून घेतल्या!"

"पण टेप मंद का झाली?" फिलिपानं विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. यंत्र नवं नव्हतं, पण बाकीच्या गाण्यांत कधी असं झालं नव्हतं. डेस्मंडनं टेपच्या डब्यातला पिवळा पडलेला कागद काढला. कुठलं वाद्य कुठल्या खटक्यावर ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्याच पोरवयीन अक्षरात वर होतं: सहावा प्रयत्न, सुरुवात चार पंचवीस.

"पहाटे?"

"दुपारी. पहाटे उठणारा रॉक वादक पाहिलायस का कुठं?"

दाराशी स्टूल कुरकुरलं.

"चार पंचवीस," प्रॉबर्टबाई म्हणाली. "साडेचारला तर आमचं दूध काढायचं सुरू होई."

सगळे तिच्याकडे वळले.

"त्याच उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी दूध काढायचं यंत्र आणलं. केवढा तोरा होता त्यांना! चौदा गाई. एकेका गाईला नळ्या लागल्या की यंत्राची घरघर वाढायची आणि माझ्या स्वयंपाकघरातला दिवा पणतीएवढा व्हायचा. सगळ्या शेताला मिळून एकच तर वायर होती. तुमच्या कोठारालाही तिचीच." तिनं डेस्मंडकडे बोट केलं. "तूच यायचास रे ओरडत. बाई, माझा दिवा मंद होतोय! मी सांगितलं होतं, अर्धा तास थांब, गाईंचं होऊ दे."

"दिवा," डेस्मंड म्हणाला. "मी दिव्यावर थापा मारायचो. वाटायचं, बल्ब सैल झालाय. हाताशी टेपचं यंत्र होतं आणि मी दिव्यावर थापा मारत बसलो!" त्याचा आवाज एकदम उतरला. "इडवल, अल्बमच्या निर्मात्याला पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. हा ड्रमर धावतोय म्हणून. क्लाइव्हच्याही आधी. तुला कधी सांगितलं नाही."

इडवलनं त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत असं काही ऐकलं तर आपण काय करू, याची त्यानं कल्पना केली नव्हती. आता ऐकल्यावर त्याला समोर दिसला तो बावीस वर्षांचा, घाबरलेला, दिव्यावर थापा मारणारा पोरगा.

"बावीस वर्षांचा होतास," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटलं होतं ना! माझे हात, आणि मीच टेपवर विश्वास ठेवला." मग जरा थांबून, "पण केक मात्र आता तुला मिळणार नाही. तुझा वाटा मी खाणार."

डेस्मंडनं बशी मुकाट्यानं पुढं सरकवली.

"टेप सरळ करता येईल?" फिलिपानं विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

येणार होती. यंत्रावर वेग कमीजास्त करायचं चाक होतं. डेस्मंडनं कानातलं यंत्र नीट बसवलं आणि पाचव्या मिनिटापासून चाक अगदी हळूहळू फिरवत नेलं, त्या छोट्या ड्रमचा सूर पहिल्यासारखाच राहील असं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमलं.

ड्रम एकटा वाजत होता. ठाक, ठाक, ठाक. सहाव्या मिनिटाला. सातव्या. आठव्या. इडवलच्या खिशात छोटा मेट्रोनोम होता. तो त्यानं बाहेर काढून टेबलावर ठेवला. यंत्राची टिकटिक आणि तेवीस वर्षांच्या पोराचा हात शेवटपर्यंत पावलाला पाऊल लावून चालले. केसाएवढाही फरक नाही.

गाणं संपलं. इडवल चष्मा पुसत होता.

"खडकासारखा," डेस्मंड म्हणाला. "देवाशपथ, खडकासारखा वाजवत होतास रे."

"आता सगळे खटके वर कर," इडवल म्हणाला. "पूर्ण गाणं ऐकू, सरळ केलेलं."

ऐकलं. रॉयस्टनचा आवाज आता फाटत नव्हता, जाडसर झाला होता. गिटार शहाण्यासारखी वाजत होती. लय जिथल्या तिथं. बस सुटत होती आणि कुणालाच तिची घाई नव्हती.

डेस्मंडनं इडवलकडे पाहिलं, इडवलनं फिलिपाकडे. कुणाचा धीर होईना. शेवटी प्रॉबर्टबाईच बोलली.

"हे काय? झोप आली की मला."

आणि इडवलला हसू फुटलं. आधी पोटातलं, मग खांद्यांचं, मग डोळ्यांतून पाणी काढणारं. चाळीस वर्षांनी निर्दोष सुटलो, आणि निर्दोष गाणं किती रटाळ!

"परत चढव ते," तो कसाबसा म्हणाला. "जसं होतं तसं राहू दे. धावू दे त्याला."

फिलिपानं तोवर क्लाइव्हला फोन लावला होता. लंडनहून त्याचा खरखरीत आवाज आला. तिनं फोन इडवलच्या हातात दिला आणि इडवलनं दिवा, वायर, यंत्र, सगळं सांगितलं. 

"म्हणजे तू धावला नव्हतास," क्लाइव्ह म्हणाला.

"नव्हतो."

"मग मी इतकी वर्षं शिव्या कुणाला घालत होतो?"

"चौदा गाईंना."

"आणि मैफलीत तू धावायचा नाहीस, कारण..."

"कारण तिथं गाई नव्हत्या, क्लाइव्ह."

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला. मग तो थांबला. "इडवल, तुला काढलं तेव्हा मी तुझ्या डोळ्यांकडे बघितलं नव्हतं. पायांकडे बघत होतो. तुझ्या एका बुटाची नाडी सुटली होती. ती अजून दिसते मला."

"मला आठवत नाही."

"मला आठवते. ऐक, सप्टेंबरात आम्ही हे गाणं पुन्हा वाजवणार आहोत. एकदाच. ड्रमवर बसशील?"

इडवलनं कोठाराच्या दारातून बाहेर पाहिलं. कुंपणापलीकडच्या गवतात कुणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या.

"किती वाजता आहे?"

"संध्याकाळी. साडेचार-पाचला."

"साडेचारला नको," इडवल म्हणाला. "दूध काढायची वेळ असते. सातला ठेव, येतो."

*

माहितीपट पुढच्या फेब्रुवारीत दाखवला गेला. अखेरीला आभाराची यादी होती. तिच्यात प्रॉबर्टबाईनं आठवून आठवून दिलेली चौदा गाईंची नावं एकाखाली एक सरकली. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना इडवलच्या निर्दोषपणाचं काही नव्हतं. त्यांना फक्त गाईंची नावं पाठ झाली होती.

"सर, आम्ही 'शेवटची बस' गायची?" माब्लीनं विचारलं.

"गा."

मेट्रोनोम टिकटिकत होता. मुलं गाऊ लागली. ओळखीचं कडवं आलं आणि व्हायचं तेच झालं. खिडकीकडची रांग पुढं निघाली. माब्लीनं लगेच मागं वळून सरांच्याच आवाजात दटावलं, "धावू नका!"

गाणं थांबलं. सगळे सरांकडे बघू लागले.

इडवल पियानोशी गेला. त्यानं मेट्रोनोमची डुलणारी काठी बोटानं धरली, खाचेत अडकवली आणि वर लाकडी झाकण बसवलं. त्या खोलीत पहिल्यांदाच टिकटिक नव्हती. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"धावा," तो म्हणाला. "पण धावायचं तर सगळ्यांनी मिळून. एकालाही मागे सोडायचं नाही. एकजण मागे राहिला तर ती चूक. सगळे एकदम पुढं गेले तर गाणं. कळलं?"

"म्हणजे गाईंसारखं?" दाराकडच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"अगदी गाईंसारखं," इडवल म्हणाला, आणि डाव्या हातानं हवेतले सगळे खटके एकदम वर केले.